देवाच्या आंब्याची एकतीस रोपं

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी लग्नाकार्यात कोणी माझी ओळख करून दिली की ठरलेला संवाद होतो. "या रत्नागिरीला आंब्याच्या संशोधन केंद्रात होत्या." समोरच्याचे डोळे लगेच चमकतात. "अरे वा! मग यंदा पेटी कधी?" मी पेटीवाली नाही हे लोकांना समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. उरलेली निम्मी आंब्याच्या मोहोरात चिमटा घेऊन उभं राहण्यात गेली, आणि त्याबद्दल मला आजवर कोणीही काही विचारलेलं नाही.

तर न विचारता सांगते. माझं काम फळांची लग्नं लावण्याचं. हापूसला एखादं रानटी स्थळ बघायचं, त्याचा दणकटपणा हापूसच्या गोडव्यात उतरतो का ते पाहायचं. यात रानटी म्हणजे जंगलातले आंब्याचे जुने भाऊबंद. फळ एवढंसं, आंबट, चिकाने ओठ फोडणारं; पण कोणी खत घातलं नाही, फवारलं नाही, तरी शंभर पावसाळे उभं राहिलेलं झाड. हापूसचं नेमकं उलट आहे. फळ राजाचं आणि प्रकृती तोळामासा. मोहोरावर तुडतुडा पडतो, अवेळी दोन सरी आल्या की करप्याचे काळे ठिपके उठतात, आणि बाहेरून केशरी दिसणारं फळ कापलं की आत पांढरा, आंबूस साका निघतो. पाहुण्यांसमोर तो निघाला की यजमानाचं तोंड बघण्यासारखं होतं.

याचं कारण लोकांना सांगितलं तर पटत नाही. कोकणातला सगळा हापूस हे एकच झाड आहे. एकाची काडी दुसऱ्यावर, त्याची तिसऱ्यावर, अशी कलमं करत आपण तेच झाड डोंगरभर पसरवलं. त्यामुळे एकाला जे दुखणं, ते सगळ्यांना. नवं रक्त आत यायला वाटच ठेवलेली नाही.

पावसला आमची स्वतःची बाग आहे, भाऊ बघतो. त्याला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "तायडे, सरकार तुला पगार देतं ते हापूस बाटवायला?" त्यानंतर कित्येक वर्षं बागेतलं एकही झाड त्याने मला प्रयोगाला दिलं नाही. गिऱ्हाइकं तर याहून पुढची. पुण्याच्या एका गृहस्थांना गॅलरीतल्या कुंडीत येणारा हापूस हवा होता, "आणि कोय जरा बारीक करता आली तर बघा." एक मोठे बागायतदार दरवर्षी यायचे. पावसात टिकणारा हापूस द्या म्हणायचे. मी म्हणायचे, देते, पण थोडी चव बदलेल, आकार बदलेल. ते म्हणायचे, "छे छे, बदलायचं काही नाही. फक्त टिकला पाहिजे." अशा माणसांपुढे शास्त्र काय बोलणार!

ही गोष्ट मात्र एकतीस रोपांची आहे. ती रोपं माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम होती आणि ती मी गमावली. ती गमावताना एका माणसाशी मी वाईट वागले. गेल्या पावसाळ्यापर्यंत हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

संगमेश्वरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात एक देवराई होती. तिच्यात एक आंबा होता. चार माणसांच्या कवेत न मावणारा. त्याला नाव नव्हतं, गाव त्याला नुसता 'देवाचा आंबा' म्हणे. फळ मोठ्या लिंबाएवढं, निम्म्याहून जास्त कोयच. पान चुरगळलं की टर्पेंटाइनसारखा भपकारा आणि त्याच्या मागून कसलातरी कापरासारखा थंड वास. अवकाळी पावसानंतर आम्ही तिथे गेलो. वाटेतल्या सगळ्या बागा करप्याने काळवंडलेल्या. या झाडाच्या पानावर, मोहोरावर, फळावर एक ठिपका नाही. मी झाडाखाली उभी राहून वेड्यासारखी हसले, हे मला आठवतं.

आता याचा मोहोर न्यायचा. परवानगी कोणाची? वनखात्याची नव्हे, देवाची. गुरव म्हातारे होते. म्हणाले, "आमचां काय नाय म्हननां नाय, बाय. पन इचारूक हवां." म्हणजे कौल. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिल्या वर्षी डावी पडली. केंद्राला अहवालात काय लिहायचं? देवाने परवानगी नाकारली? मी 'काही अपरिहार्य कारणास्तव' असं लिहिलं. दुसऱ्या वर्षी दुपारपर्यंत एकही कळी पडली नाही. गुरव म्हणाले, देव विचारात हाय. मी जीपमध्ये बसून दात खात होते. तिसऱ्या वर्षी उजवी पडली, पण अटीसकट. देवराईतलं लाकूड बाहेर जात नाही, काडीसुद्धा नाही. पडलेलं फळ तिथेच खायचं, कोय तिथेच टाकायची. मोहोर मात्र फूल आहे, आणि फूल देवाचा प्रसाद म्हणून नेता येतं.

तेवढं मला पुरेसं होतं. मोहोर पाण्यात उभा करून न्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे पराग फुटतात. पण तेवढ्यासाठी आधी रत्नागिरी गाठायला हवी, आणि हायवेचं काम माझ्या नोकरीत सुरू झालं ते अजून चालूच आहे. हातखंब्याच्या अलीकडे आमची जीप दीड तास अडकली. बादलीवर ओला पंचा धरून मी रस्त्यात उभी, आणि बाजूच्या ट्रकवाल्याने विचारलं, "ताई, मासे कुठले?"

त्यापुढचं काम कोणी बघायला येत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नाही. केंद्रातल्या हापूसच्या एका तुऱ्यात फुलं हजारांनी असतात, त्यातली बहुतेक नुसती नर. फळ धरणारी थोडी. ती शोधायची, सकाळी ऊन चढायच्या आत चिमट्याने त्यांचा केसर काढायचा, मग देवाच्या आंब्याचं फूल त्यावर टेकवायचं आणि पिशवी बांधायची. शिडीवर उभं राहून तीन आठवडे मी हेच केलं. मग गळती सुरू होते. मोहरीएवढी गळतात, सुपारीएवढी गळतात, कैरी झाल्यावर वाऱ्याने गळतात. रोज सकाळी झाडाखाली बघायला जाणं म्हणजे शिक्षाच. मे अखेरीला माझ्या हाती बत्तीस फळं आली. एका कोयीत भुंगा निघाला. एकतीस कोयी जूनमध्ये पिशव्यांत लावल्या आणि एकतीसच्या एकतीस रुजल्या.

इथे भिकूनाना येतो. भिकूनाना आमच्या केंद्राचा कलमं बांधणारा माळी. वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, शाळा चौथीपर्यंत. त्याच्या हातचं कलम सहसा मरत नसे. कोय कलम म्हणजे कोय रुजून रोप वीतभर झालं, पानं अजून तांबूस कोवळी आहेत, तेवढ्यात त्याचं डोकं उडवायचं, खोडाला मधोमध चीर द्यायची, तिच्यात हापूसच्या काडीची पाचर बसवायची आणि वर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. हे दहा-पंधरा दिवसांत उरकावं लागतं. पानं हिरवी झाली की संपलं. नाना पावसाळ्यात सकाळपासून दिव्याची वेळ होईपर्यंत शेडमध्ये मांडी घालून बसे आणि त्याचा चाकू थांबत नसे. तोंडात विड्याचं पान आणि समोर रोपांची रांग.

जुलैत मला दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला दक्षिणेत जावं लागलं. जाताना रोपांच्या पिशव्या शेडच्या कडेला एका रांगेत लावल्या आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर माझे सांकेतिक आकडे लिहिले. साहेबांना सांगितलं, प्रयोगशाळेतल्या मुलांना सांगितलं. नानाला काही सांगितलं नाही. कलम बांधणाऱ्याला संकराचं काय सांगायचं, असं माझ्या मनात होतं. खरं तर तसंही काही मनात आलं नव्हतं. त्याला सांगावं हे सुचलंच नाही.

परत आले त्या दिवशी पाऊस कोसळत होता. मी बॅग ठेवून तशीच शेडमध्ये गेले. नाना मला बघून खुशीत उठला.

"बाई, तुमची ती कडेची रोपां तशीच रायली व्हती. पानां बगितलीं तर तांबडी लाल. आनी चार दिस गेले असते तर कामाची रायली नसती. मी आटपून टाकलीं. येकतीस व्हती."

एकतीसच्या एकतीस पिशव्यांत हापूसच्या काड्या उभ्या होत्या. नीट पट्ट्या बांधलेल्या, वर प्लॅस्टिकच्या टोप्या चढवलेल्या. छाटलेली डोकी केव्हाच खतात गेली होती.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेडमधल्या बायकांनी कामं थांबवली. नाना हातात चाकू घेऊन उभा होता आणि आपलं काय चुकलं ते त्याच्या चेहऱ्यावर कुठेच उमटत नव्हतं. ते उमटत नाही म्हणून मला आणखी राग आला. आता शांतपणे बघताना कळतं की त्याने रत्नागिरीतल्या कोणत्याही चांगल्या माळ्याने केलं असतं तेच केलं. इथे कोयीतून आलेलं रोप म्हणजे हापूसला उभं राहायला पाय. त्याला स्वतःचं डोकं असू शकतं हे इथे कोणाच्या डोक्यात येत नाही. माझ्या भावाच्याही आलं नसतं.

मी दहा कलमं उघडली, खालून फूट येईल या आशेने. चार बोटांवर कापलेली ती कोवळी खोडं काळी पडून मेली. मग बाकीच्या एकवीस रोपांना हात लावला नाही. खुंट, म्हणजे कलमाखालचं मूळ रोप, जोर धरू दे, वर्षभराने त्याचीच खालची फूट वाढवू, असं ठरवलं. आकड्यांच्या पट्ट्या पुन्हा लावल्या आणि या वेळी शेडमधल्या प्रत्येकाला सांगितलं.

पुढच्या मेमध्ये आई आजारी होती म्हणून मी आठवडाभर पावसला गेले. त्याच आठवड्यात केंद्रात कोणी बडे पाहुणे यायचे होते. आमचे त्या वेळचे साहेब टापटिपीचे. पत्र्याच्या वेड्यावाकड्या पट्ट्या बघून त्यांना कसंसंच झालं. त्यांनी सगळ्या काढायला लावल्या, आणि उंचीप्रमाणे कलमं लावून रांगा सरळ करून घेतल्या. हजारभर हापूसच्या कलमांत माझी एकवीस मिसळली. वरून सगळी हापूसच, कोण कुठलं ओळखायचं कसं? जूनच्या पहिल्या आठवड्यात विक्री सुरू झाली आणि लोक रांग लावून घेऊन गेले.

अजून देवाचा आंबा आहे, असं मी स्वतःला समजावलं. थंडीत मोहोराच्या वेळी देवराईत गेले. तिथे सभामंडप उभा होता. स्लॅब, चकचकीत फरशी, रंगमंच, मुंबईकर मंडळींच्या नावांची संगमरवरी पाटी. आंबा होता तिथे चपला काढायची जागा.

"कौल लावला व्हतात का?" मी गुरवांना त्यांच्याच बोलीत विचारलं.

"लावला तर! पयल्या झटक्याला उजवा दिलान," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माज्या मनात नव्हतां, बाय. पन देवानंच दिलान, मी काय करनार?"

मला तीन वर्षं ताटकळत ठेवणारा देव करवतीला एका झटक्यात हो म्हणाला. 

मग वरच्या कार्यालयातून केंद्रात 'जबाबदारी निश्चित करा' असं पत्र आलं. अहवाल मीच लिहिला. साहेबांनी आधी नजरेखालून घातला आणि पट्ट्या काढल्याचा परिच्छेद 'अनावश्यक तपशील' म्हणून वगळायला सांगितला. मी वगळला. नानाला सांगितलं नव्हतं ही माझी चूक तर मी मुळात लिहिलीच नव्हती. राहिलं एकच नाव. नानाची शेवटची दोन वर्षं केंद्राच्या फाटकावर गेली. तालुक्यातला सगळ्यात चांगला हात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसाठी दांडा वर-खाली करत होता. माझी गाडी आली की तो उठून उभा राही. मी कागद वाचत असल्यासारखं करी.

भुवड आला तो माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. खेडकडचा, सत्तरीचा शेतकरी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली विक्रीची जुनी पावती.

"म्याडम, तुमच्या केंद्रानं माजी फशवनूक केलान हाय. पाच कलमां नेलीं. चार हापूस. पाचव्याला ह्यां काय आलंय?" असं म्हणून त्याने टेबलावर एक रेषाळ, लांबट आंबा ठेवला.

अशी तक्रार घेऊन दर वर्षी दहा माणसं येतात. गुरं वरचा हापूस मोडतात, खालून खुंट फुटतो, मालकाला पत्ता नसतो. मी फळाकडे धड बघितलंही नाही. "दादा, ती खुंटाची फूट आहे. छाटून टाका आणि नवीन कलम भरून घ्या."

"छाटतो कशाला? पुरावा हाय तो. माजं कलम बदलून देस्तवर तां झाड तसांच ऱ्हानार!"

त्याने त्यानंतर अर्ज केले, वरच्या कार्यालयात पत्रं पाठवली. प्रत्येकाला मी तेच उत्तर दिलं. छाटून टाका, छाटून टाका. 

गेल्या मेमध्ये आठवडाभर अवकाळी पाऊस झाला. भावाचा फोन आला, सगळी फळं काळी पडली म्हणून, आणि त्याचा आवाज ऐकून मला बाटवण्यावरून टोमणा मारवेना. त्याच आठवड्यात एका सकाळी माझ्या घराच्या पायरीवर भुवड उभा. एसटीने आलेला, काखेत पिशवी, हातात पानांसकट फांदी. माझा पत्ता कोणी दिला देव जाणे.

"तुमी सुटलाव नोकरीतून, मी नाय सुटलो," तो म्हणाला. "बगा ह्यो तुमचा हापूस."

माझा पारा चढला होता. त्याला आत घेतलं, पाणी दिलं, आणि तो गाऱ्हाणं सांगत असताना मी नुसता चाळा म्हणून फांदीचं एक पान बोटांत चुरगळलं.

टर्पेंटाइन. आणि त्याच्या मागून तो कापराचा थंड वास.

मी पिशवी जमिनीवर उपडी केली. पंधरा-वीस फळं होती. आठ दिवसांच्या पावसात भिजलेली फळं, आणि एकावरही काळा ठिपका नव्हता. देठाजवळ हापूसचे उचललेले खांदे, खाली ती रानटी लांबट हनुवटी. मी खाली बसले. भुवड घाबरला. "ओ म्याडम, बरां वाटत नाय काय? जाऊ द्या ओ, नाय बदलून दिलात तरी चालंल!"

त्याच दिवशी त्याच्याबरोबर गाडी करून गेले. गोठ्यामागे ते झाड होतं, वरचा हापूस मोडून खालच्या खुंटातून वाढलेलं, आजूबाजूचे चारही हापूस करप्याने जळल्यासारखे, आणि हे मधोमध हिरवंगार. केंद्रातल्या एका हुशार मुलीने पुढे पानं तपासून दिली. आई हापूस, एवढं नक्की ठरलं. बापाचा नमुना आता जगात नाही, त्याला साक्षी फक्त माझं नाक.

चवीला फळ बेताचंच आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. दोरे फार, गोडी कमी. पहिल्या पिढीत असंच होतं. याला पुन्हा हापूस द्यायचा, त्याच्या पोरांतून निवडायचं, मग कदाचित. भुवडने विचारलं, "किती वर्सां लागतील?" मी म्हटलं, पंधरा-वीस. तो पोट धरून हसला. "म्हंजे माज्या तक्रारीचा निकाल माजे नातू बगनार!"

पण आधी झाड वाचवायला हवं होतं. एकुलतं एक, गोठ्यामागे, गुरांच्या तोंडी. त्याची कलमं बांधायची, पावसाळ्यात, आणि एकही वाया जाता कामा नये. असा हात मला एकच ठाऊक होता.

नानाला फोन करायला मला चार दिवस लागले. त्या कडेच्या रोपांतलं एक जगलंय, त्याची कलमं बांधायचीत, असं मी सांगत राहिले, तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "जुलैत या. पंदरा दिस आदी काड्यांचीं पानां खुडून ठेवा. आनी येकतीस काड्या आना."

"एकतीसच का?"

"आना तुमी," म्हणाला आणि फोन ठेवला. मी वैतागले. म्हातारपणी माणसं हेकट होतात, असं म्हणून मी खबरदारी म्हणून चाळीस काड्या कापल्या.

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या घेऊन जुलैत त्याच्या वाडीत गेले. नानाचं कौलारू घर, समोर खळं, खळ्याच्या टोकाला हापूसचं एकच झाड. त्याने स्वतः बांधलेलं, दारचं, त्याच्या घरातले सगळे आंबे त्याच एका झाडाचे. मला वाटलं होतं, बाजूला कुठे पिशव्यांत रोपं लावून ठेवली असतील. तशी काही दिसेनात. मग झाडाकडे लक्ष गेलं. माझा फोन झाल्यावर त्याने ते झाड कंबरेवर कापलं होतं. सगळं. उरलेल्या खोडा-फांद्यांवर कोवळ्या फुटी आल्या होत्या, पानं तांबूस लाल, कलमाला अगदी नेमकी.

"नाना, अहो एक फांदी पुरली असती!"

"थोरला खुंट लवकर फळतो," तो म्हणाला. "रोपांवर बांदून वाट बगाया येळ हाय कुनाजवळ?"

घरातून त्याची बायको म्हणाली, "जल्मात हापूसचां डोकां उडवलान नव्हतां. त्या दिशी जेवले नाय." नानाने तिला हाताने गप्प केलं.

नाना झाडाच्या खोडाशी चाकू घेऊन बसला. मी काडी द्यायची, त्याने पाचर तासायची, फुटीचं डोकं उडवायचं, चीर द्यायची, बसवायची, पट्टी गुंडाळायची. पाऊस थांबून थांबून पडत होता. पाच-सहा बांधून झाल्यावर मला राहवेना.

"नाना, त्या अहवालात मी तुमच्या एकट्याचंच नाव लिहिलं. साहेबांनी पट्ट्या काढल्या ते लिहिलं नाही. आणि ती रोपं काय होती ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, तेही लिहिलं नाही. माझी चूक होती."

त्याने पट्टीची गाठ मारली, मग माझ्याकडे बघितलं.

"मंग आता सांगा," तो म्हणाला.

मी सांगितलं. देवराई, कौल, डावी कळी, उजवी कळी, हातखंब्याचा ट्रकवाला, शिडीवरचे तीन आठवडे, बत्तिसाव्या कोयीतला भुंगा. हापूसला काय दुखतं, भावाची बाग मेमध्ये कशी काळी पडली आणि ते दुखणं या झाडाच्या रक्तात का नाही, ते सांगितलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं नीट कोणाला समजावलं नसेल. तो मध्येच एखादा प्रश्न विचारी, आणि तो प्रश्न नेमका असे. मोहोर पाण्यात ठेवला होता तर पराग ओला झाला नाही का? नर फूल आणि दुसरं फूल बघून कळतं कसं? चिमटा कसला वापरत होतात? हात चालूच होते. माझ्या फडक्यातल्या काड्या कमी होत गेल्या आणि झाडावर पांढऱ्या पट्ट्या वाढत गेल्या.

माझं बोलून संपलं. त्याने चाकू मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"अवो बाई, इतकांच व्हतां तर तेवाच सांगायचां व्हतांत! माका कळलां असतां तर मी चाकू लावला असता काय?"

त्याने हात पुढे केला तशी मी पुढची काडी दिली. ती त्याने बांधली, गाठ मारली, बोटाने दाबून बघितली, आणि फडक्यात राहिलेल्या नऊ काड्या न बघताच माझ्याकडे सरकवल्या.

"ह्या तुमच्या भावाकडं न्या," तो म्हणाला. "माजी येकतीस झालीं."